चाळीसगावचा टांगा, पाच लोखंडी पेट्या आणि आपला मोबाईल

२३ ऑक्टोबर १९२९. अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे सदस्य म्हणून बाबासाहेब खानदेशात आले होते. चाळीसगाव-धुळे रेल्वेमार्गावरच्या एका गावात सवर्णांनी आपल्या लोकांवर बहिष्कार टाकला होता. त्याची माहिती घेऊन ते चाळीसगाव स्टेशनवर परत आले. मुक्कामाचा आग्रह करणारी महारवाड्यातली माणसे हार घेऊन उभी होती. स्टेशनबाहेर टांगे भरपूर होते, तरी तास उलटला आणि टांगा काही येईना. शेवटी एक आला. थोडे अंतर जात नाही तोच तो मोटारीला धडकता धडकता वाचला. पुढे नदीवरच्या पुलावर चाक दगडात अडकले. बाबासाहेब फरशीवर आपटले आणि घोडा टांग्यासकट नदीत पडला. पायाचे हाड मोडले. बरेच दिवस त्यांना हालचाल करता आली नाही.

खरे कारण त्यांना नंतर कळले. महाराला टांग्यात बसवून हाकायला एकही टांगेवाला तयार नव्हता. तेव्हा महारवाड्याने तोड काढली, की टांगा भाड्याने द्या, हाकणारा माणूस आमचा. त्या माणसाने आयुष्यात टांगा हाकला नव्हता. बॅरिस्टर झालेल्या, सरकारी समितीवर असलेल्या माणसापेक्षा स्टेशनबाहेरच्या टांगेवाल्याची प्रतिष्ठा मोठी होती.

हा प्रसंग आपल्या मुलांना आज भाषणातून माहीत आहे. पण तो भाषणात आला कुठून? बाबासाहेबांनी तो स्वतः लिहून ठेवला होता म्हणून. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे त्यांचे छोटेसे आठवणींचे लिखाण. त्यात लहानपणी मसूर स्टेशनवर अडकून पडल्याची आठवण आहे, बडोद्यातली पारशी खानावळ आहे, १९३४ चा दौलताबाद किल्ला आहे आणि आपला चाळीसगावचा टांगा आहे. हस्ताक्षरातले हे लिखाण त्यांच्या हयातीत छापले गेले नाही. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते पुस्तिका म्हणून काढले १९९० साली. पुढे १९९३ मध्ये ते शासनाच्या ग्रंथमालेच्या बाराव्या खंडात आले. प्रसंग घडल्यापासून छापील कागद लोकांच्या हातात पडेपर्यंत साठ वर्षे गेली.

त्या साठ वर्षांत ती पाने हरवली असती तर? आम्ही नंदुरबार जिल्ह्यात काम करणारे मोजके कार्यकर्ते गेली काही वर्षे हाच प्रश्न उगाळत आहोत. त्याला कारण बाबासाहेबांची पाने नव्हेत. कारण आमच्याच खिशातला मोबाईल आहे.

२०१९ च्या पावसाळ्यात आमच्यातल्या एका कार्यकर्त्याचा फोन धडगाववरून येताना नाल्यात पडला. जवळपास चार वर्षांच्या नोंदी त्यात होत्या. वस्तीवरच्या म्हाताऱ्या माणसांचे आवाज, दोन गावांतल्या पाण्याच्या भांडणाचे तारीखवार टिपण, विहाराच्या जागेच्या जुन्या पावत्यांचे फोटो. दुकानदाराने फोन उघडला, दोन दिवस वाळवला आणि परत दिला. तो सुरू झाला नाही. कॉपी कुठे आहे, असे विचारले तेव्हा आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. त्या रेकॉर्डिंगमधल्या तीन म्हाताऱ्या तोवर गेल्या होत्या. त्यांच्यापैकी एकीने आम्हाला अहिराणीत सुनावले होते, ‘फोटो समदा काढतस, मनी गोट कोन लिखस?’ आम्ही तिची गोष्ट घेतली होती आणि आम्हीच घालवली. त्याचे खापर आम्ही कुणा मनुवाद्यावर फोडू शकत नाही.

समाजशास्त्रात एम.ए. करताना शिकवले जाते की दस्तऐवज हा इतिहासाचा पाया. बरोबर आहे. पण दस्तऐवज ठेवण्याचा अधिकार कोणाला होता, हे त्याच वर्गात शिकवायला पाहिजे. गावगाड्यात शिवेचा तंटा निघाला की साक्ष द्यायला महाराला बोलावत. कोणता दगड कुठे होता, ओढा कुठून वळला, हे त्याच्या डोक्यात होते आणि त्याचा शब्द मानला जाई. मात्र ती साक्ष ज्या दप्तरात उतरायची ते दप्तर कुलकर्ण्याच्या घरात. सांगणारा आमचा, लिहिणारा दुसरा आणि कागद तिसऱ्याच्या फडताळात. पुढे कागद हाच पुरावा झाला, तेव्हा ज्याच्या डोक्यात अख्खा गाव होता त्याच्या हातात काहीच उरले नाही. अक्षर नाकारणे म्हणजे शाळा नाकारणे एवढेच आपण म्हणतो. नोंद ठेवण्याची सत्ता नाकारणे हा त्याचा दुसरा अर्धा भाग आहे, आणि त्यावर आपण फार कमी बोलतो.

बाबासाहेबांना हे पुरते ठाऊक होते. म्हणूनच त्यांच्या लिखाणात तारीख असते, गाव असते, कोण काय म्हणाले ते असते. दुसऱ्यावर गुदरलेला प्रसंगही ते असाच नोंदवतात. काठियावाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाच्या बाळंतीण बायकोला डॉक्टरने हात लावायला नकार दिला. त्या शिक्षकाचे पत्र ज्या अंकात छापले होते त्याची तारीख, १२ डिसेंबर १९२९, बाबासाहेबांनी देऊन ठेवली आहे. रोजनिशी लिहायची कशी, याचा यापेक्षा चांगला नमुना आम्हाला सापडलेला नाही.

तरीही, इतका दक्ष माणूस असून त्यांच्या कागदांचे काय झाले ते पाहा.

१९१७ मध्ये ते लंडनहून परतत होते तेव्हा पहिले महायुद्ध चालू होते. स्वतः ते एका बोटीने निघाले. सामान आणि जमवलेली पुस्तके दुसऱ्या बोटीने पाठवली होती. ती बोट शत्रूच्या पाणबुडीने बुडवली. उपाशी राहून घेतलेली पुस्तके समुद्राच्या तळाशी गेली. नुकसानभरपाई मिळाली, पण पैशाने पुस्तक परत घेता येते, समासात लिहिलेले टिपण घेता येत नाही.

६ डिसेंबर १९५६ नंतरची कथा याहून वाईट आहे. दिल्लीतल्या २६, अलीपूर रोडच्या घरात हस्तलिखिते, टंकलिखित प्रती, पत्रे, टाचणे यांचे ढीग होते. वर्षानुवर्षे त्यांचे लेखन टंकलिखित करणारे नानकचंद रत्तू यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे, की जानेवारी १९६७ मध्ये ते घर रिकामे करवून घेताना कागद बाहेर उघड्यावर फेकले गेले आणि त्यांच्यावर पाऊस पडला. ज्या माणसाने या देशाला संविधान दिले त्याच्या हातची अक्षरे दिल्लीच्या अंगणात भिजली. आपण पुतळ्याची विटंबना झाली की रस्त्यावर उतरतो आणि उतरायलाच हवे. त्या अंगणात किती पुतळे फुटले, याची मोजदाद मात्र कधी झाली नाही.

जे वाचले ते न्यायालयाच्या ताब्यातून महाराष्ट्राच्या महाप्रशासकाकडे गेले आणि पेट्यांत बंद राहिले. नागपूरचे अ‍ॅड. जे. बी. बनसोड यांनी न्यायालयात मागणी केली, की एकतर मला हे छापू द्या, नाहीतर सरकारला छापायला सांगा. ही मागणी कोण्या विद्यापीठाने केली नाही, आपल्यातल्या एका वकिलाने केली, हे तरुणांनी ध्यानात ठेवावे. १९८१ मध्ये पाच लोखंडी पेट्या वसंत मून यांच्या हाती आल्या. शासनाच्या ग्रंथमालेचा पहिला खंड १९७९ मध्ये निघाला होता. अप्रकाशित लेखनाचे खंड या पेट्यांतून उभे राहिले.

‘रिडल्स’चा चौथा खंड १९८७ मध्ये आला तेव्हा जो गोंधळ झाला तो बहुतेकांना जाळपोळ आणि मोर्चे यांच्यामुळे आठवतो. आम्हाला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. संपादकांना अंतिम प्रत मिळालीच नव्हती. प्रकरणे वेगवेगळ्या फायलींत विखुरलेली होती, काहींच्या एकाहून जास्त प्रती होत्या, आणि शेवटचा हात कोणत्या प्रतीवर फिरला ते उपलब्ध कागदांवरून ठरवावे लागले. आजच्या भाषेत सांगायचे तर ‘फायनल’, ‘फायनल नवीन’ आणि ‘फायनल खरी’ अशा नावांच्या तीन फायली आणि सांगणारा माणूस नाही. आपल्या मोबाईलमध्ये आत्ता काय वेगळे आहे?

यात एक बाजू उजळही आहे. चांगदेव खैरमोडे यांनी बाबासाहेबांच्या हयातीतच त्यांच्याबद्दलची माहिती जमवायला सुरुवात केली आणि १९५२ मध्ये चरित्राचा पहिला खंड काढला. १९७१ मध्ये ते गेले. उरलेले खंड निघाले कारण त्यांच्या पत्नी द्वारकाबाई यांनी ते काम सोडले नाही. रत्तूंनी बाबासाहेबांचे कपडे, वस्तू, टंकयंत्र जपले आणि ते नागपूरजवळच्या चिचोलीला शांतिवनात आले. बेबीताई कांबळे फलटणला दुकानात बसून लिहीत होत्या आणि लिहिलेले घरच्यांपासून लपवून ठेवत होत्या. वीस वर्षे ते कागद लपलेले राहिले, मग ‘जिणं आमुचं’ झाले. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून दारोदार जाऊन चळवळीतल्या बायकांना बोलत्या करत होत्या. १९८९ मध्ये त्यातून ‘आम्हीही इतिहास घडवला’ आले. ते काम दहा वर्षे उशिरा सुरू झाले असते तर त्यातल्या कितीतरी बायका बोलायला उरल्या नसत्या.

या सगळ्यांत समान काय आहे? प्रत्येक ठिकाणी एकच माणूस आणि एकच गठ्ठा आहे. खैरमोड्यांना द्वारकाबाई नसत्या तर, बेबीताईंचे कागद कोणी चुलीत घातले असते तर, मूनसाहेबांच्या जागी ‘फाईल पुढे पाठवा’ म्हणणारा अधिकारी असता तर? आपला इतिहास एकेका माणसाच्या जिद्दीवर वाचला आहे. त्या माणसांना आम्ही वंदन करतो, पण ही व्यवस्था म्हणून टिकणारी गोष्ट नाही.

आता आमच्या भागाकडे या.

नंदुरबार जिल्हा झाला १ जुलै १९९८ रोजी. त्याआधी आपण धुळ्यात होतो आणि इंग्रजी काळात पश्चिम खानदेशात. दरवर्षी ३१ जुलैला धुळ्याजवळच्या लळिंग किल्ल्याखाली लांडोर बंगल्यावर आपली माणसे जमतात, कारण १९३७ साली बाबासाहेब तिथे मुक्कामाला होते. नंदुरबार, शहाद्याहून गाड्या भरून जातात. यात्रा ही स्मृती टिकवण्याची मोठी ताकद आहे. पण यात्रेत दरवर्षी तेच एक वाक्य ऐकू येते, की बाबासाहेब इथे राहिले होते. ज्यांचे आजोबा-पणजोबा त्या काळी धुळ्याला गेले त्यांच्या घरात जे सांगितले जाते ते कोणाच्या फोनमध्ये आहे? आपण तिथे सेल्फी काढतो, स्टेटस ठेवतो आणि चोवीस तासांनी ते जाते.

२०११ च्या जनगणनेनुसार या जिल्ह्यात साडेसोळा लाखांच्या आसपास माणसे आणि त्यांतली ६९ टक्के आदिवासी. साक्षरता ६४ टक्के, राज्यात सगळ्यांत खाली. म्हणजे नोंद न ठेवण्याची किंमत इथे जितकी मोजावी लागते तितकी क्वचित कुठे लागत असेल. सरदार सरोवरात महाराष्ट्राची ३३ गावे बाधित झाली, ती अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. मणिबेली त्यातले पहिले. बुडीत आलेल्या कुटुंबांपैकी अनेकांना ‘अघोषित’ हा शब्द चिकटला. माणूस आहे, घर आहे, शेत आहे, पाणी चढताना डोळ्यांनी दिसते आहे, पण यादीत नाव नाही. यादीत नाव नाही म्हणून तो प्रकल्पग्रस्त नाही. शिवेचा दगड डोक्यात असलेल्या महाराचीच ही गोष्ट, फक्त माणूस भिल्ल किंवा पावरा.

वनहक्क कायदा २००६ चा. १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवा, असे तो म्हणतो. त्याच्या नियमांत पुरावा म्हणून सरकारी कागदाबरोबर जुनी झाडे, विहिरी, स्मशान अशा खुणा चालतात आणि वडीलधाऱ्या माणसांचे लेखी नोंदवलेले निवेदनही चालते. म्हाताऱ्याचा शब्द पुरावा म्हणून कायद्याने पुन्हा मान्य केला, ही क्रांतिकारक गोष्ट आहे. आणि आपण काय केले? म्हाताऱ्या माणसांना न विचारताच जाऊ दिले. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना हटवण्याचा आदेश दिला तेव्हा सातपुड्यात धावाधाव झाली. २८ फेब्रुवारीला त्याला स्थगिती मिळाली. त्या पंधरा दिवसांत जो तो कागद शोधत होता.

दुसऱ्या बाजूला सरकारचे बघा. आधारचा पहिला क्रमांक देशात कुठे दिला गेला? शहादा तालुक्यातल्या टेंभलीत, २९ सप्टेंबर २०१० रोजी. बोटांचे ठसे, डोळ्यांचे ठसे, जन्मतारीख, सगळे सरकारच्या सर्व्हरवर गेले आणि सरकार त्याचा बॅकअप नक्की ठेवते. (ही तारीख वाचली की आम्हाला दुसरी आठवते. चार वर्षे आधी, २९ सप्टेंबर २००६ ला, खैरलांजी घडली होती आणि ती बातमी जगापर्यंत पोहोचायला कार्यकर्त्यांचे सत्यशोधन अहवाल लागले.) सरकारने आपली नोंद आपल्याच जिल्ह्यापासून सुरू केली. आपण आपली नोंद अजून सुरू करायची आहोत.

यावर काही मित्र म्हणतात, ‘आता काय, सगळं मोबाईलमध्येच आहे.’ नेमकी हीच फसगत आहे. मोबाईलमध्ये असणे म्हणजे जपलेले असणे नव्हे. २६, अलीपूर रोडवरही सगळे होतेच की.

फोन गेल्यानंतर आम्ही काय केले ते सांगतो. फार हुशारीचे काही नाही. रोज रात्री दहा मिनिटे, तारीख आणि गाव आधी, मग काय पाहिले, कोण काय म्हणाले. फोनमधल्या साध्या नोंदवहीत लिहायचे. मराठी टाईप होत नसेल तर बोलून लिहिण्याची सोय कीबोर्डमध्ये आहे, माईकचे बटण दाबा आणि बोला. ती प्रमाण मराठी बऱ्यापैकी समजते, अहिराणीची चिरफाड करते आणि पावरी-भिल्लीपुढे हात टेकते. म्हणून त्या भाषा आवाजातच ठेवायच्या आणि खाली चार ओळी मराठीत सारांश लिहायचा. आजीची अहिराणी ‘शुद्ध’ करून लिहायची नाही, हा आमचा नियम आहे. फाईलला नाव देताना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग गाव. एवढ्याने हजार फायली आपोआप रांगेत बसतात.

मग कॉपीचे. छायाचित्रकार पीटर क्रोघ यांनी रूढ केलेला एक सोपा हिशेब जगभर वापरतात. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. आमच्याकडे एक फोनमध्ये, एक गुगल ड्राईव्हवर, एक विहाराच्या कपाटातल्या पेनड्राईव्हवर. ओटीजीचा पेनड्राईव्ह थेट फोनला लागतो, कॉम्प्युटर लागत नाही. तो दर महिन्याच्या पौर्णिमेला भरायचा. विहारात वंदनेला सगळे येतातच, त्यामुळे वेगळी तारीख लक्षात ठेवावी लागत नाही.

ठेचा खाऊन शिकलेल्या काही गोष्टी तुम्हाला फुकट देतो. फोटो आपोआप ऑनलाईन जातात म्हणजे बॅकअप झाला, असे समजू नका. गुगल फोटोजमधून इथे पुसले की तिथेही पुसले जाते. साठ दिवस कचरापेटीत राहते, मग कायमचे संपते. फोन हलका करायचा म्हणून आमच्या एका मुलीने चैत्यभूमीच्या सहाशे फोटोंवर असाच हात फिरवला. पंधरा जीबीची मोफत जागा आता जीमेल, फोटो आणि व्हॉट्सअ‍ॅपचा अँड्रॉइडवरचा बॅकअप या सगळ्यांना मिळून आहे. गुड मॉर्निंगच्या व्हिडिओंनी ती भरली की तुमची नोंद गुपचूप जायची थांबते. व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो पाठवला की त्याचा आकार घटतो आणि कधी-कुठे काढला ही आतली माहिती निघून जाते. घटनेचा फोटो असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. दोन वर्षे कोणी उघडलेच नाही तर गुगल खाते बंद करून टाकू शकते. आणि आमच्याकडचा खास त्रास: ऊसतोडीला गुजरातला गेलेला मुलगा सिम बदलतो, जुना नंबर रिचार्जअभावी बंद होऊन दुसऱ्या कोणाला मिळतो आणि खात्याचा ओटीपी त्या अनोळखी माणसाकडे जातो. म्हणून खाते उघडताना दुसऱ्या विश्वासू माणसाचा नंबर आणि पासवर्ड कागदावर. होय, कागदावर, विहाराच्या कपाटात. ही लाज वाटण्याची गोष्ट नाही.

जुन्या पिढीच्या कार्यकर्त्यांसाठी एक. तुमची नव्वदच्या दशकातली पत्रके, निवेदने, स्मरणिका श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये असतील तर ती आजच्या फोनवर उघडल्यावर अक्षरांची खिचडी दिसते. सीडी वाचणारी यंत्रे दुकानातून गेलीच आहेत. नामांतराच्या काळातल्या एका पत्रकाची सीडी आमच्याकडे आहे. ती आम्ही तीन ठिकाणी फिरवली आणि शेवटी ज्या काकांनी छापील प्रत ट्रंकेत ठेवली होती त्यांच्याकडून फोटो काढून घेतला. तेव्हा कागद फेकू नका. यंत्र बदलते, लिपीचा साचा बदलतो. युनिकोडमध्ये पुन्हा टाईप करून ठेवा आणि मूळ कागदही ठेवा.

एक आक्षेप गंभीर आहे आणि तो टाळून चालणार नाही. हे सगळे लिहून ठेवले तर उद्या तेच आपल्यावर उलटणार नाही का? भीमा कोरेगाव प्रकरणात रोना विल्सन यांच्या लॅपटॉपची तपासणी करणाऱ्या अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या कंपनीने २०२१ मध्ये अहवाल दिला, की बाहेरून शिरकाव करून त्यात फायली टाकल्या गेल्या होत्या. म्हणजे आपण न लिहिलेलेही आपल्या यंत्रात सापडू शकते. आम्ही यातून नोंद बंद करावी असा निष्कर्ष काढत नाही. आपल्या खऱ्या फायली कोणत्या, कधीच्या, किती, हे दाखवणारी दुसरी प्रत दुसऱ्या ठिकाणी असेल तर घुसवलेली फाईल वेगळी दिसण्याची शक्यता तरी राहते. एकच प्रत असेल तर शत्रूची प्रत हीच तुमची प्रत होते. बाकी काळजी साधी: अनोळखी लिंक उघडू नका, फोनला आणि ड्राईव्हला कुलूप ठेवा, अत्याचारग्रस्त बाईचे नाव रोजनिशीत लिहू नका, खूण लिहा. आणि ज्याचा आवाज घेता त्याला विचारा, हे कोणाला ऐकवू? आमच्या दोन बायांनी सांगितले, आम्ही असेपर्यंत कोणालाच नाही. ती रेकॉर्डिंग वेगळ्या फोल्डरमध्ये कुलूपबंद आहेत आणि तशीच राहतील.

न्यायालयाचेही समजून घ्या. जालन्याच्या निवडणूक वादातून निघालेल्या अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की मूळ यंत्र हजर न करता इलेक्ट्रॉनिक नोंदीची नक्कल दाखल करायची तर कायद्याचे प्रमाणपत्र लागते. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ६३ लागू आहे आणि त्याच्या प्रमाणपत्रात फाईलचे हॅश मूल्य, म्हणजे तिच्या बोटाचा ठसाच म्हणा, द्यावे लागते. फाईलमध्ये एक टिंब बदलले तरी तो ठसा बदलतो. अ‍ॅट्रॉसिटीच्या केसमध्ये व्हिडिओवर रंगीत अक्षरे टाकून, गाणे लावून फिरवणाऱ्या आपल्याच उत्साही पोरांना हे सांगा. मूळ फाईल जशीच्या तशी ठेवा, फिरवायची ती नक्कल. ज्या फोनने काढले तो फोनही विकू नका.

‘आम्हाला वेळ कुठे आहे’ हे आम्ही खूप ऐकतो. चळवळीत वेळ नसतो हे खरे आहे. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्री बाबासाहेबांना तरी कुठे होता? तरीही ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’च्या प्रास्ताविकाचे कागद त्यांनी त्या रात्री जवळ मागून घेतले होते. १९५७ मध्ये ग्रंथ निघाला तेव्हा त्यांनी लिहिलेली मूळ प्रस्तावना त्यात नव्हती. ती टिकली आणि पुढे भगवान दास यांनी १९८० मध्ये लोकांपुढे आणली, कारण ती टाईप झालेली होती आणि तिची प्रत कोणीतरी ठेवली होती.

त्या नाल्यात पडलेल्या फोनमधली एक आजी अजून आहे. तिला आम्ही मागच्या महिन्यात पुन्हा भेटलो आणि खजील होऊन सांगितले की आजी, तुझे बोलणे आमच्याकडून गेले. ती हसली आणि पुन्हा बोलायला बसली. धर्मांतरानंतर घरातले देव नदीत सोडायला सासऱ्याबरोबर गेली होती, तो दिवस तिने पहिल्यापेक्षा लांबवून सांगितला. पहिल्या वेळी सांगितलेले सासूचे भांडण या वेळी तिला आठवले नाही. रेकॉर्डिंग सत्तेचाळीस मिनिटांचे आहे. ते तिच्या नातवाच्या फोनमध्ये आहे, ड्राईव्हवर आहे आणि विहारातल्या कपाटात आहे. कपाटाची किल्ली दोघांकडे आहे.

जय भीम. नमो बुद्धाय.